मुकादम सरांच्या जोड्या

मुकादम सरांसमोर 'म्हणजे तेच ते' असं म्हणायची सोय नव्हती. तसं कुणी म्हटलं की ते हातातला कप खाली ठेवत, चष्मा वर सरकवत आणि अगदी हळू आवाजात विचारत, "तेच, की ते?" मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये कुणाला तरी म्हणाले, की ही पोरं माझं ऐकतात पण ऐकत नाहीत. कोपऱ्यातून आवाज आला, "बाई, यातलं पहिलं हिअर आणि दुसरं लिसन. मराठीत तुम्ही दोघांना एकाच पाटावर बसवता." मी मराठीची शिक्षिका. आल्या आल्या माझ्या भाषेची शिकवणी घेणारा हा उंच, किडकिडीत, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बटणं लावून ठेवणारा माणूस मला मुळीच आवडला नाही.

रत्नागिरीहून खाडीच्या कडेकडेनं एसटीनं गेलं की आमचं ते गाव लागतं. खाली बंदराजवळ मुसलमानांचा मोहल्ला, घरटी एक माणूस आखातात नाहीतर बोटीवर. वर सड्याला, म्हणजे कातळाच्या माळाला, लागून कुणब्यांच्या वाड्या, त्यांची माणसं मुंबईला. दोन्हीकडच्या पोरांना कधी ना कधी बाहेर पडायचंच असे, म्हणून इंग्रजी हवं असे, आणि इंग्रजी म्हणजे मुकादम सर. मी मूळची चिपळूणची. रोज जाऊन येऊन करणं शक्य नव्हतं आणि गावात खोली मिळेना. शेवटी मुख्याध्यापकांनी एका घराची मागची खोली भाड्यानं मिळवून दिली, ते घर नेमकं सरांचंच निघालं. म्हणजे शाळेत सर आणि घरी सर. त्यांच्या बायकोनं, खैरुनचाचीनं, पहिल्याच दिवशी मला चहा देताना सांगून टाकलं, "ते काय बोलले तर मनावर घेव नका बाई. आमाला पण असाच तपासतात."

त्यांची शिकवायची एक ठरलेली रीत होती. वर्गात आले की आधी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात चौकट आखायचे आणि त्यात दोन इंग्रजी शब्द लिहायचे. वर मराठीत मथळा, 'आजची जोडी'. जोडीतले दोन्ही शब्द मराठीत बहुतेक एकच होत, आणि इंग्रजीत मात्र त्यांचं एकमेकांशी पटत नसे. मग तास संपेपर्यंत त्या दोघांमधला फरक. "जवळजवळ सारखं म्हणजे वेगळं," हे त्यांचं पालुपद. गावात थट्टा चाले, की मुकादम सरांनी इतक्या जोड्या लावल्या, पण एकाही जोडीला अजून लाडू खायला घातला नाही. सरांच्या कानावर हे गेलं होतं. ते म्हणत, "माझ्या जोड्या मोडण्यासाठी लावलेल्या असतात."

एकदा नववीच्या सहामाहीत सगळ्या वर्गानं लिहिलं, की आम्ही आंब्याच्या शॅडोत बसून डबा खाल्ला. सरांनी पेपर बाजूला ठेवले आणि आख्खा वर्ग भर दुपारी मैदानावर उभा केला. "आपापली शॅडो दाखवा." पोरांनी पायाशी बोटं दाखवली. "आता त्या झाडाखाली चला. ती शेड. आता दाखवा तुमची शॅडो." पोरं खाली बघत राहिली. "दुसऱ्याच्या शेडमध्ये गेलं की आपली शॅडो नाहीशी होते. लक्षात राहील?" राहिलं असणार, कारण त्या वर्गातली एक मुलगी आता रत्नागिरीत बँकेत आहे, ती अजून मला हे ऐकवते. मीही तेव्हा खिडकीतून बघत होते. मराठीला एकच सावली पुरते, असं मी त्यांना सांगायला गेले, तर म्हणाले, "पुरते कसली, भागवता तुम्ही."

त्यांच्याकडे शिकलेला एक मुलगा कुवेतला गेला होता. साहेबानं त्याला विचारलं, तू कॅम्पात राहतोस का? याला म्हणायचं होतं लिव्हिंग, आणि तोंडातून निघालं लीव्हिंग. राहतो म्हणायच्या जागी चाललो असं झालं. साहेबाचा आधीच त्याच्यावर राग होता. त्याला निमित्त मिळालं. हा परत आला, बंदरावर जाळी विणायला बसला. सर ही गोष्ट दर वर्षी सांगत आणि फळ्यावर 'लि' आणि 'ली' अशी दोन मोठी अक्षरं काढत. "एका वेलांटीपायी घरी बसला," ते म्हणत. पोरं हसत. सर हसत नसत. तो मुलगा त्यांना रस्त्यात भेटला की ते स्वतः खाली बघून पुढं जात, जणू ती वेलांटी त्यांनीच चुकवली होती.

पण ते नुसते कडकलक्ष्मी होते असंही नाही. पाचवीतल्या एका पोरानं निबंधात लिहिलं होतं, की माझी बोट दारात सापडली आणि काळीनिळी झाली, आई खूप रडली. सरांना माहीत होतं, पोराच्या बापाचा मिरकरवाडा बंदरात ट्रॉलर आहे. ते शाळा सुटल्यावर चौकशीला त्याच्या घरी गेले. बोट ठणठणीत होती. पोरानं हाताचं बोट पुढं केलं, त्याला चिंधी बांधलेली. घरी येऊन सरांनी हे चाचीला सांगितलं आणि दोघंही इतकी हसली, की मागच्या खोलीत मलाही राहवेना. ते घर तेव्हा हसतं होतं, हे मुद्दाम सांगते. नंतर ते कुणाला खरं वाटणार नाही.

त्यांचा एकुलता मुलगा इरफान मालवाहू जहाजावर नोकरीला होता. दिसायला आईसारखा गोल, बापासारखा उंच, आणि स्वभाव दोघांसारखाही नाही, दिलखुलास. त्याच्या लग्नात मी होते. मुलगी मंडणगडकडची, समीना. बारावी झालेली, कमी बोलणारी. तिला वडील नव्हते, रफिक नावाचा एक मोठा भाऊ होता. लग्नानंतर इरफान जेमतेम एक सुट्टी घरी राहिला आणि पुन्हा जहाजावर गेला. तिथून तो बापाला इंग्रजीत मेसेज पाठवी आणि बाप ते दुरुस्त करून परत पाठवी. एकदा फोनवर स्पीकर लावून तो म्हणाला, "अब्बा, इथं दहा देशांची माणसं हायत, सगळी चुकीचाच बोलतात, तरी जहाज चालतं." सर म्हणाले, "चालत असेल. तू बरोबर बोल."

ती बातमी आली तेव्हा गणपतीची सुट्टी लागायची होती. मधल्या सुट्टीत आम्ही डबे उघडले होते. सरांचा फोन वाजला. मुंबईहून बोटीच्या एजंटच्या ऑफिसातून कुणीतरी बोलत होतं. आम्हाला ऐकू येत होती ती फक्त सरांची बाजू. "वन मिनिट. हॅज संक? नॉट सिंकिंग? हॅज संक. येस. अँड द क्रू?" मग बराच वेळ ते ऐकत राहिले. "मिसिंग. यू सेड मिसिंग. डिड यू से लॉस्ट? नो, प्लीज, आय वॉन्ट टु नो. डिड यू से लॉस्ट?" पलीकडच्या माणसानं बहुधा वैतागून फोन ठेवला. सरांनी डब्याचं झाकण लावलं. घंटा झाली तशी खडू घेऊन ते आठवीच्या वर्गावर गेले. त्यांना थांबवायला आमच्यापैकी कुणाचे हात उठले नाहीत. मी व्हरांड्यातून पाहिलं, फळ्यावर चौकट आखलेली होती आणि तिच्यात त्यांनी जोडी लिहिलीही होती.

संध्याकाळी आम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. शेजारच्या गावातला एक जण त्याच कंपनीत होता. अंगणात माणसं जमली होती. आत चाचीचा आक्रोश चालला होता. समीना दाराच्या चौकटीला धरून उभी होती. कुणीतरी सरांपुढं येऊन त्यांचे हात धरले आणि म्हणाला, "सर, इरफान बुडाला हो."

सर पायरीवर उभे राहिले. "कोण म्हणालं?"

"बोट बुडाली ना सर."

"बोट बुडाली," सर म्हणाले. त्यांचा आवाज वर्गातला होता. "बोट बुडते त्याला सिंक म्हणतात. माणूस बुडतो, पाण्यात श्वास कोंडून मरतो, त्याला ड्राउन. बोटीला श्वास नसतो म्हणून ती ड्राउन होत नाही. मला फोनवर सांगितलंय ते पहिलं. दुसरं कुणीही सांगितलेलं नाही. माझ्या अंगणात ते कुणी म्हणायचं नाही."

अंगणातले निम्मे लोक त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यांनी वर्गातल्यासारख्या माना खाली घातल्या. आतला आक्रोश थांबला. चाची दारात आली, केस सुटलेले, आणि तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे?"

"म्हणजे तो मिळालेला नाही, खैरुन. मिळाला नाही म्हणजे गेला असं नव्हे. मिसिंग म्हणालेत. लॉस्ट म्हणालेले नाहीत."

चाचीनं पदरानं तोंड पुसलं. त्या बाईला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. नवऱ्याच्या जोड्यांना ती आयुष्यभर हसली होती. त्या संध्याकाळी तिनं पहिल्यांदा त्यातली एक घट्ट धरली, आणि मला ते बघून बरं वाटलं. पुढं काय होणार ते कुणाला ठाऊक होतं?

जहाजावरच्या काहींना दुसऱ्या जहाजानं उचललं. काहींच्या मय्यती मिळाल्या. इरफान दोन्हीकडे नव्हता. मग फोन कमी होत गेले आणि बंद झाले. चाची मात्र त्या शब्दाला धरून बसली ती बसलीच. इरफानचे शर्ट ती दर थोड्या दिवसांनी कपाटातून काढून दोरीवर वाळत घालायची, घडीचा वास लागू नये म्हणून. सुरमई आणली की एक तुकडा मीठमसाला लावून वेगळा ठेवायची, दुसऱ्या दिवशी समीनाला तळून वाढायची. मासळीवाली दारात आली आणि हळहळली की चाची तिला समजावून सांगे, "माजा पोरगा मिसिंग हाय. लॉस्ट नाय." मासळीवालीला त्यातलं काही कळत नसे. ती मान हलवून टोपली डोक्यावर घेई.

सरांनी तिला हे शिकवलं होतं, आणि ती त्यांची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी निघाली.

समीनाचं काय, हे कुणी बोलत नव्हतं. माहेरी जा म्हटलं असतं तर ती गेली असती, पण ते सरांनीही म्हटलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. सकाळी पाणी भरायचं, भाकऱ्या, सासूचे पाय चेपायचे, मागच्या पडवीत तांदूळ निवडायचे. ईदला ती जुनाच ड्रेस घालायची. मोहल्ल्यात लग्न असलं की बायकांना प्रश्न पडे, हिला मेंदी लावायला बसवायची की नाही. ती स्वतःच स्वयंपाकाकडे जाऊन बसे. पंचविशीच्या आतली मुलगी, तिचे हात म्हातारीसारखे दिसायला लागले. मी तिच्याहून दहाएक वर्षांनी मोठी. मला तिच्याकडे बघून राग यायचा आणि तो कुणावर काढायचा ते कळायचं नाही. मौलानांचं म्हणणं असं होतं, की बेपत्ता माणसाच्या बायकोला मोकळं करायला वाटा आहेत, पण खुद्द बापच तो जिवंत आहे म्हणत असेल तर जमातीत कोण पुढं होईल?

काही वर्षं अशी गेल्यावर एका रविवारी रफिक आला. मंडणगडला त्याचा टेम्पो होता. ओटीवर बसून त्यानं चहाचा कप हातात घेतला, पण प्यायला नाही.

"सर, दापोलीजवळ एक माणूस हाय. बायको वारली, एक लहान मुलगी हाय. चांगला माणूस हाय. समीनाबद्दल इचारतो."

"तुझा मेहुणा बेपत्ता आहे, रफिक. बेपत्ता माणसाच्या बायकोचं लग्न लावतात?"

"कवापर्यंत बेपत्ता, सर?"

"ते मला विचारू नकोस."

"मंग कोणाला इचारू?" रफिकचा आवाज चढला नाही. "मी तुमच्याकडं शिकलो नाय सर. माजा इंग्रजी कच्चा हाय. पण बहीण माजी हाय. ती कोरटात जायला तयार नाय. म्हनते, अब्बांच्या विरोधात जानार नाय." कप तसाच पायरीवर ठेवून तो उठला. समीना आत चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकलं असणार.

त्यानंतर थोड्याच दिवसांतली गोष्ट. सकाळची वेळ होती. सर मागच्या पडवीत पेपर तपासत होते, समीना सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. मी माझ्या खोलीच्या दारात फरसबी मोडत बसले होते. समीना मान वर न करता म्हणाली, "अब्बा, वाट बघणे याला इंग्रजीत काय?"

सरांचा चेहरा खुलला. घरात कुणी जोडी विचारून किती काळ लोटला होता. त्यांनी पेन खाली ठेवलं. "दोन शब्द आहेत. वेट आणि एक्स्पेक्ट. मासळीवाली येईपर्यंत आपण दारात उभं राहतो, ते वेट. नुसतं थांबणं. ती येणार असं मनाशी धरून सुरी धुऊन ठेवतो, ते एक्स्पेक्ट. त्याला काहीतरी कारण लागतं. काल सांगून गेली असेल, बाजारात दिसली असेल."

"आणि कारण नसला तर?"

"मग नुसतं वेट."

"किती वेळ?"

"त्या शब्दात वेळ नसतो. तो कितीही लांबतो."

समीनानं सुपातले खडे वेचून बाहेर टाकले. "मग मी वेट करतंय, अब्बा," ती म्हणाली. "एक्स्पेक्ट माजा कदीच संपला. तुमचा कुठला चाललाय?"

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. खरंच विचारत होती, वर्गात मूल विचारतं तसं. सरांनी पेन उचललं, पेपरावर टेकवलं, आणि पुन्हा खाली ठेवलं. ते उठून बंदराकडे निघून गेले. पेपर तसेच उघडे पडले होते. ते वाऱ्यानं उडू नयेत म्हणून मी त्यांच्यावर फरसबीची ताटली ठेवली.

दुसऱ्या दिवशी शाळेत पहिल्या तासाला आम्ही दोघंच स्टाफरूममध्ये होतो. सरांनी खिशातून फोन काढला, काहीतरी शोधलं आणि तो माझ्यापुढं धरला. इरफानचा शेवटचा मेसेज. इंग्रजीत होता: वेदर इज टू हेवी, अब्बा. आणि खाली, दुआ करा. त्याच्याखाली सरांचं उत्तर: टू नाही, व्हेरी लिही. टू म्हणजे सहन होण्यापलीकडचं. त्या उत्तरापुढं एकच टिक होती. मेसेज निघाला होता, पोचला नव्हता.

"ही चूक सगळे करतात," सर म्हणाले. "व्हेरीच्या जागी टू. पेपरात मी हजारदा दुरुस्त केलीय. मला वाटलं यानंही केली." त्यांनी फोन परत आपल्याकडे वळवला. "पण बाई, हा आठवीत असताना मीच याला शिकवलं होतं हे. याची कधी चुकायची नाही ती जोडी. यानं बरोबर लिहिलं होतं. त्याला टूच म्हणायचं होतं."

मला रडू आवरलं नाही. ते रडले नाहीत. फोन खिशात घालून खिडकीबाहेर बघत बसले. इतकी वर्षं हा मेसेज त्यांच्या खिशात होता आणि हा माणूस तो रोज वाचत होता. ज्या शब्दाला त्यांनी चूक ठरवलं तोच शब्द त्यांना सगळं सांगत होता. अंगणातल्या माणसांना त्या संध्याकाळी ते इतक्या मोठ्यानं का बोलले, ते मला त्या दिवशी कळलं.

त्या शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजेनंतर ते मशिदीत उभे राहिले. मी अर्थातच तिथं नव्हते. आमच्या शाळेचा शिपाई होता, त्यानं सांगितलं. लोकांना वाटलं, सर आता काहीतरी समजावून सांगणार. सर म्हणाले, "माजा इरफान बुडाला." त्यांच्या तोंडून कोकणी ऐकायची कुणाला सवय नव्हती. बाहेर ते नेहमी शाळेतली मराठी बोलत. मग मय्यत समोर नसतानाची जी नमाज असते, ती सगळ्यांनी पढली. शिपाई म्हणाला, सरांच्या मागं उभ्या असलेल्यांत तो कुवेतहून परत आलेलाही होता.

सर घरी आले तेव्हा चाची ओटीवर उभी होती. बायकांनी तिला आधीच सांगितलं होतं. मी शाळेतून नुकतीच आले होते. आत निघून जावं की थांबावं ते सुचेना, म्हणून तिथंच उभी राहिले.

"तुमीच सांगितलाव ना," चाची म्हणाली, "बोट बुडाली, तो नाय."

"हो."

"मग आज कोणाचा फोन आला?"

"कुणाचा नाही."

"काय मिळाला त्याचा? कपडा? घड्याळ?"

"काही नाही, खैरुन."

"मग तो आज कसा बुडाला?"

सर चपला न काढता पायरीवर बसले. चाची रडत नव्हती. त्या पहिल्या संध्याकाळी जे रडणं त्यांनी थांबवलं होतं, ते तिला परत कधी आलंच नाही.

"तो बुडाला नाय," ती म्हणाली. "तुमी बुडवलाव त्याला. त्या पोरीसाठी बुडवलाव." आणि ती आत गेली.

समीना इद्दतीला, विधवेनं पाळायच्या चार महिने दहा दिवसांच्या एकांताला, बसली. इतक्या वर्षांनी तिला विधवा व्हायला मिळालं, आणि त्या दिवसांत ती पोटभर जेवायला लागली. इद्दत संपल्यावर काही महिन्यांनी तिचा निकाह झाला, मंडणगडला, भावाच्या घरी. तिला न्यायला रफिकचा टेम्पो आला होता. तिची बॅग सरांनी स्वतः उचलून आत ठेवली. ती सासूला सलाम करायला आत गेली, तर चाचीनं दार लावून घेतलेलं. समीना दाराबाहेर थोडा वेळ उभी राहिली. मग मला मिठी मारून टेम्पोत बसली. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. काहीतरी म्हणाले, पण इंजिन चालू झालं होतं, मला ऐकू आलं नाही.

शाळेत फळ्याचा उजवा कोपरा रिकामा राहायला लागला. सर धडा शिकवत, प्रश्नोत्तरं लिहून देत, घंटा झाली की निघत. पोरं शॅडोत बसून डबा खात आणि सर वर बरोबरची खूण करून पुढं जात. मुख्याध्यापकांनी एकदा विचारलं, तर म्हणाले, "कळतं की काय म्हणायचंय ते. बस झालं." पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात सगळ्यांनी जोड्यांच्या आठवणी सांगितल्या. त्यांनी उत्तरादाखल दोन वाक्यांत आभार मानले. मीही मग चिपळूणच्या शाळेत गेले.

मागच्या दिवाळीनंतर एकदा त्यांच्याकडे जाऊन आले. चाची मला बघून हरखली. तिनं माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, चिपळूणला पूर आला तेव्हा आमच्या घरात पाणी किती चढलं ते विचारलं, आग्रहानं जेवायला घातलं. बोलणं सगळं माझ्याशी. सर तिथंच बसले होते. त्यांच्यापुढं ताट ठेवलं, पाणी ठेवलं, भात संपल्यावर आणखी वाढला, पण एक शब्द नाही. दोरीवर शर्ट वाळत होते. समीनाचा दर शुक्रवारी फोन येतो, असं सरांनी सांगितलं. तिला आता मुलगा झालाय. चाचीला फोन द्या म्हणते. चाची घेत नाही.

सर मला एसटी थांब्यापर्यंत सोडायला आले. थांब्यावर बसल्यावर मीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले, की चाचीचं मन वळेल हळूहळू.

"ती चुकीचं बोलली नाही," सर म्हणाले. "मी तेव्हापासून विचार करतोय. तुमच्या मराठीत दोन शब्द आहेत, बुडणं आणि बुडवणं. माणूस आपण बुडतो ते एक, दुसऱ्यानं बुडवला ते दुसरं. खैरुनला तो फरक बरोबर कळला."

"आणि इंग्रजीत?" मी विचारलं.

"इंग्रजीत दोन्हीला ड्राउनच." त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. "फरक नाही. मी सगळी पुस्तकं बघितली, बाई. त्यांनी फरक केलेलाच नाही."

तेवढ्यात गाडी आली. सरांनी माझी पिशवी वर दिली आणि कंडक्टरला मला चिपळूणच्या गाडीत बसवून द्यायला सांगितलं. मी खिडकीपाशी बसले. तिन्हीसांजेपर्यंत आता दुसरी गाडी नव्हती, आणि त्यांना कुठं जायचंही नव्हतं. गाडी वळणावर गेली तेव्हा मी मागं वळून पाहिलं. सर परत थांब्याच्या बाकावर बसले होते, घराकडे पाठ करून.